धुरपदाबाईच्या हातावरची मुकी जागा

मी कातडी. ईट गावच्या धुरपदाबाईची. नाव सांगितलं, आता स्वभावही सांगून टाकते: मी कुणावर विश्वास ठेवत नाही. तुम्ही हे वाचायला बसलात, त्याआधी हात धुतलेत की नाही, याचाही मला संशय आहे.

संशय हाच माझा धंदा. डोळ्याला पापणी आहे, त्याला मिटून घेता येतं. मला मिटता येत नाही. ऊन, धूळ, बाभळीचा काटा, विंचू, परका हात, जो येईल तो आधी माझ्या दारात. मी विचारते, गरम का गार? टोकदार का बोथट? ओळखीचा का नवखा? मग आत मेंदूला निरोप जातो. तो बसलाय कवटीत, गादीवर. उन्हात उभी मी.

अंगात माझ्याएवढं मोठं दुसरं काही नाही. तरी माणसं काळजावर गाणी रचतात आणि माझं नाव काढतात ते “कातडी सोलीन” म्हणायला. असो. मानाची भुकेली मी नाही. पण नोंद ठेवते.

माझा सगळ्यात वरचा पापुद्रा मेलेला आहे. दचकू नका, तुमचाही आहे. खालून नव्या पेशी तयार होतात, वर येता येता मरतात आणि त्या मेलेल्यांचीच भिंत करून मी जिवंताला राखते. त्या भिंतीखाली खरा संसार. रक्ताच्या बारीक नळ्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, आणि माझं खरं बळ, नसांची टोकं. त्याखाली चरबीची गादी. धुरपदाबाईच्या कष्टानं ती कधी जाड होऊच दिली नाही.

केसांचं लोकांना लई कौतुक. पण केस मेलेला असतो, जिवंत असतं ते मूळ. म्हणून कापला तर दुखत नाही आणि उपटला तर डोळ्यात पाणी येतं. हातावरची बारीक लव तर माझी हेर. माशी नीट बसायच्या आत लव हलते आणि मला कळतं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली की तो केसाला ओढून उभा करतो. त्याला तुम्ही काटा येणं म्हणता.

जन्मले तेव्हा माझ्यावर अंगभर लव होती. आईनं कणकेचा गोळा फिरवून फिरवून ती काढली. वर आजी म्हणाली, “पोरगी काळी हाय गं.” म्हणजे पहिल्याच आठवड्यात मला दोन नावं ठेवली. अहो, काळा रंग ही मी उन्हापुढं धरलेली छत्री आहे! तेव्हापासून माझ्याजवळ कुणी गोड बोलत आला की आधी त्याचा हात बघते.

धुरपदाबाई आराधी झाली, देवीची गाणारी भक्तीण. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी भवानीची गाणी आणि हातात पोत. पोत म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांची पेटती मशाल. गाणं रंगात आलं की ती पोत उघड्या हातावरून फिरवायची. बघणारे हात जोडत. मला त्यातलं मर्म ठाऊक होतं. जाळ झरझर फिरला पाहिजे, एका जागी ठरला नाही पाहिजे. वर घामाचा ओलावा मी पुरवत होते. तिची श्रद्धा, तिची सफाई आणि माझा घाम. तिघांनी मिळून किती वर्षं मिरवलं.

मग डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट डाग उठला. आधी नखाएवढा. मला तेव्हाच वास आला. कारण त्या जागेवरची लव झडायला लागली. पुढं ज्वारीच्या काढणीत सगळं अंग घामानं निथळत होतं आणि तेवढी जागा कोरडी ठक्क. मी हाका मारल्या. तिकडून उत्तर नाही. माझ्याच घरातली एक खोली आतून कडी लावून बसली होती. आत कोण शिरलंय, कधी शिरलंय, काही पत्ता लागेना.

धुरपदाबाईला दाखवावं तर कसं? दुखवून दाखवणं एवढीच माझी भाषा. आणि तिथंच तर दुखेना.

एका मंगळवारी देवळापुढच्या पटांगणात आराध्यांचा मेळा बसला होता. संबळ वाजवणारा सिदू ताल सोडून भलतीकडंच चालला. धुरपदाबाईनं पोत हातावर टेकवली ती टेकवलीच आणि त्याच्यावर तुटून पडली.

“आरं ए सिदू! संबळ वाजवतुयास का म्हशी हाकतुयास? आँ? ध्यान कुठाय तुजं?”

सिदूनं वर बघितलं. त्याची नजर तिच्या हातावर. बायांनी तोंडावर पदर धरला. जाळ त्या फिकट जागेवर ठरून होता आणि बाई हात काढायचं सोडून त्याला शिव्या घालत होती.

“आत्या... हात!” सिदू ओरडला.

तिनं खाली बघितलं. सावकाश पोत उचलली. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

“आई पावली!” कुणीतरी ओरडलं, आणि बाया पायावर पडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी तिथं टम्म फोड आला. मी खालून पाणी धाडलं, नवी भिंत बांधायला घेतली. पण मंगळवार आला की लोक हात धरायचे. “धुरपदाआत्या, ठिवा की जाळ. आमच्या पोरीसाठनं ठिवा.” जवळच्या वाशीहून, भूमहून माणसं यायला लागली. ती ठेवायची. मान ताठ, डोळे मिटलेले. तिला वाटायचं देवीनं हात धरलाय. अन् मी इकडं फोडावर फोड बुजवत होते. जखम धड भरायच्या आत दुसरी.

सगळं गाव पाया पडत होतं, एक गंगम्मा सोडून.

गंगम्मा तिच्याच मेळ्यातली. माहेर नळदुर्गाच्या खालच्या अंगाला, म्हणून चिडली की कानडी बाहेर पडायची. पोत खेळवण्यात धुरपदाबाईच्या तोडीची, आणि तेच दोघींचं भांडण. तिला पक्का संशय होता, ही बया हाताला काहीतरी चोळून येते.

एके दुपारी ती घरी आली. धुरपदाबाई ओसरीवर निवडायला तूर घेऊन बसलेली. गंगम्मानं सरळ तिचा हात ओढला, माझा वास घेतला, साबण लावून खसाखसा धुतलं आणि पुन्हा वास घेतला.

“कोरफड लावतीस, का दुसरं काय?”

“तुज्या पोटात दुखतंय त्यो लेप लावते,” धुरपदाबाई म्हणाली. “सोड. तूर निवडू दे.”

गंगम्मा मागं जाऊन बसली. जवळच कोंबडीचं पीस पडलं होतं. तिनं ते हळूच मानेवरून फिरवलं. धुरपदाबाईनं माशी समजून चापट मारली. खांद्यावरून फिरवलं, खांदा उडाला. मग फिकट जागेवरून फिरवलं. एकदा. दोनदा. धुरपदाबाई आपली तुरीतले खडे वेचतेय.

“अय्यो शिवने!” गंगम्माचा आवाजच बदलला. “धुरपदे, म्या काय करतेय सांग.”

“काय करतीस? बसलीयास बिनकामाची.”

“आगं, पीस फिरवतेय हातावर! आग कळत न्हाय, बरं, आईची किरपा. पीस कळू न्हाय म्हणून कशाची किरपा? पिसानं काय भाजतंय व्हय?” तिनं पिसाचं टोक डागाच्या कडेनं ओढत नेलं. “हितं कळतंय?”

“व्हय.”

“आन् हितं?”

धुरपदाबाईनं मान वळवून पिसाकडं बघितलं.

“कडंला कळतंय, आत न्हाय. देवीनं काय बांध घातलाय का तुज्या हातावर?”

धुरपदाबाईनं सूप आपटलं. “ऊठ! जळती मेली. माझं बरं झालेलं बघवंना तुला. पुन्यांदा उंबरा चढू नकोस.”

गंगम्मा गेली. पण माझ्या मालकिणीच्या सगळ्या अंगावर काटा आला. तेवढा तुकडा सोडून सगळीकडं.

त्या दिवसापासून तिचाही संशय जागा झाला. लोकांसमोर देवीची लाडकी, आणि न्हाणीत दार लावून एकटी स्वतःला चिमटे काढायची. आधी गंगम्मावर संशय, मग माझ्यावर, मग देवीवर. पुढं भाकरी थापताना करंगळी वाकडी राहायला लागली. पीठ तिच्यातनं निसटायचं. आयुष्यभर चंद्रासारखी गोल भाकरी थापणारी बाई, आणि भाकरीला एका बाजूनं चीर. तिनं परात बाजूला सारली. मग उठली आणि लुगडं बदललं.

एसटीच्या थांब्यावर गंगम्मा आधीच उभी.

“तू कुठं?” धुरपदाबाईनं विचारलं.

“वाशीला, दवाखान्यात. तुज्या सुनंनं सांगितलं तू निघालीस म्हणून. काळजीनं आले असं समजू नगंस. तू खोटी ठरतीस का न्हाय, ते बघाय निघालेय.”

दोघी एकाच बाकावर बसून गेल्या. तिकिटं मात्र वेगवेगळी काढली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. मी लगेच सावध. पण तिनं हातमोजा न घालता मला हात लावला, डागाच्या कडेला, जिथं मला कळतं तिथं. हात कोमट होता, घाईत नव्हता. कापसाचा बोळा फिरवला, गार-गरम नळ्या लावल्या, कोपरामागची नस चाचपली. ती सुजून दोरीसारखी झाली होती.

“आजी, हा कुष्ठरोग आहे.”

“तोंड सांभाळून बोल!” धुरपदाबाई उठलीच. “आराधी हाय म्या. आमच्या सात पिढ्यांत कुणाला महारोग न्हाय!”

“बसा आजी. पाप नाही, शाप नाही. जंतू आहे. कुणाच्या तरी श्वासातून आला असेल, काही वर्षांमागं. नसा खातो, म्हणून कळत नाही. गोळ्या फुकट आहेत, पूर्ण घेतल्या की बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागत नाही. घरच्यांना मात्र तपासायला आणा.” मग ती आवाज खाली करून म्हणाली, “आता पुन्हा भाजलं ना, जखम चिघळेल. बोटं जातील. गेलेली बोटं गोळ्यांनी परत येत नाहीत.”

म्हणजे तो चोर होता तर. आणि मी दारात उभी राहून त्याला बघितलंही नव्हतं. श्वासाच्या वाटेनं आला, माझ्या दारानं आलाच नाही. तेवढ्यापुरतं मी माझं समाधान करून घेते.

गोळ्या सुरू झाल्या. घरी सून मोनिका दाराआड कुजबुजली, “आत्या, गोळ्या घ्या, म्या येळच्या येळी देते. पर गावात सांगू नका. उद्यापास्नं आपल्या घरचं पाणी कुणी प्यायचं न्हाय. कायतरी कारण सांगून पोत बंद करा. गुडघं दुखत्यात म्हणा.”

धुरपदाबाईनं गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्याली.

मंगळवारी पटांगण भरलेलं. एक बाई तापानं मलूल झालेली लेक मांडीवर घेऊन पुढं बसली होती. सिदूनं संबळ धरला. पोत पेटवून कुणीतरी धुरपदाबाईच्या हातात दिली. “ठिवा आत्या. पोरीला उतार पडंल.” सगळ्यांचे हात जोडलेले. एवढा मान आयुष्यात तिला कुणी दिला नव्हता. मला जाळाची धग आली, डागाच्या कडेला. मी ओरडत होते. आत मेंदूला निरोप मिळाला का नाही, माहीत नाही.

जाळ खाली यायला लागला. तो थांबला. तिनं पोत बाजूला धरली.

“आयकून घ्या सगळे,” ती म्हणाली. “ह्या हाताला आईनं काय दिलेलं न्हाय. रोगानं नेलंय. कुष्ठरोग हाय मला. गोळ्या चालू हायत, वाशीच्या दवाखान्यात. आन् तू गं, पोरीला घेऊन हितं काय बसलीस? ताप हाय तिला. ऊठ, डॉक्टरकडं जा!”

सिदूचा हात संबळावर अडकला. पुढच्या रांगेतल्या चार बाया बसल्या जागी मागं सरकल्या. मोनिकानं डोक्याला हात लावला.

तेवढ्यात गंगम्मा उठली. ती तरातरा आली, धुरपदाबाईच्या हातातली पोत घेतली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. स्वतःच्या हातावरून जाळ फिरवला, पण डोळे धुरपदाबाईच्या तोंडाकडं लागलेले. सफाई चुकली.

“आय्या गं! भाजलं की मेलं!”

मागं सरकलेल्या बाया फिसकन हसल्या. सिदूही हसला. धुरपदाबाईनं गंगम्माचा हात उजव्या हातात धरून बघितला. लाल झालेला, लव उभी राहिलेली. ती त्याच्यावर फुंकर घालत म्हणाली,

“नशीबवान हायस गं, गंगे.”

आजवर तिनं गंगम्माला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आता काही बाया येतात, काही येत नाहीत. जिनं आमच्या घरचं पाणी न पिता टाकलं तिचं नाव मी जाणते. गोळ्यांनी माझा रंग आणखी काळवंडलाय, डॉक्टरीणबाई म्हणते तो उतरेल. करंगळीला रोज तेल लावून ती सरळ ओढायची, असा तिचा हुकूम आहे. डागाच्या कडेला दोन-चार बारीक केस उगवलेत. आत मात्र अजून सामसूम. तिथलं परत येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईनं खोटं न बोलता सांगितलं. म्हणून तिच्यावर माझा थोडा विश्वास बसलाय. थोडाच.

तुमच्या अंगावरही माझ्यासारखीच एक राखणदारीण आहे. ती खाजली, पोळली, ठणकली की तुम्ही वैतागता. वैतागा, तिला चालतं. पण तिचा एखादा तुकडा फिकट पडून गप्प झाला, तर त्या गप्प बसण्याला कृपा म्हणू नका. दवाखान्याची गाडी धरा. सोबतीला कुणी भांडकुदळ असेल, तर तिलाही घेऊन जा.