टेपराणीच्या खांद्यावरचा हात

टेपराणी दिसते कशी, ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिच्या दिसण्यातूनच झाला.

पांढराफटक चेहरा. काळे ओठ. कंगव्याशी भांडण असल्यासारखे चहूकडे फुगलेले केस आणि बरोबर टाळूवर कापडी पट्टीची गाठ, ऐंशीच्या दशकातल्या पॉप गायिका बांधायच्या तशी. काजळानं भरलेले मोठे डोळे, कुणाकडेच न बघणारे. कमरेला कॅसेटींचा पट्टा, पायांत जाड बूट. आणि डाव्या खांद्यावर मागून आलेला एक हात, फक्त मनगटापर्यंतचा, त्यावर विंचू गोंदलेला. टेपराणी कुठेही गेली तरी हा हात तिच्या खांद्यावर असतोच. तो कुणाचा, हे मी माझ्या कॉमिकच्या चौसष्ट पानांत कुठेच सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं.

मी उर्वशी. सौंसरला राहते, सकाळी एका शाळेत चित्रकला शिकवते आणि दुपारी घरी येऊन कॉमिक काढते. काढताना कानात गॉथ गाणी लागतात. इंग्लंडमधली, माझ्या जन्माच्या आधीची; ती गाणारे-ऐकणारे काळे कपडे घालतात, चेहरा पांढरा आणि ओठ काळे रंगवतात. खाली घुमणारी बेस गिटार, एकसुरी ड्रम आणि विहिरीत उतरून गाणारा माणूस. संत्र्या-कापसाच्या या गावात ही गाणी ऐकणारी मी एकटीच, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

माझी आई, अलका, टेपराणीचं पहिलं चित्र बघून म्हणाली होती, "मेलेल्या बाईसारखी दिसून राहिली व हे."

"आई, गॉथ असंच राहते. तुले नाही समजत," मी फणकाऱ्यानं म्हटलं आणि आवाज वाढवला.

तो चेहरा मात्र माझ्या डोक्यातून आलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याच्या एका भंगारवाल्याकडे मला जुन्या फोटोंचा पत्र्याचा डबा मिळाला. जुन्या जमान्याचं काहीही दिसलं की मी त्यावर तुटून पडते. डब्यात खजिनाच होता: कागदी चंद्रकोरीवर बसलेली जोडपी, बेलबॉटम घातलेले नवरदेव, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन ऐटीत बसलेले काका लोक. आणि त्यांच्यात ही. कृष्णधवल फोटोत, खुर्चीत ताठ बसलेली, पांढरा चेहरा, काळे ओठ, ते केस, ते डोळे. फोटो एका बाजूनं कापलेला, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फक्त हात उरलेला. मागे शिक्का, 'रूपरंग फोटो स्टुडिओ, पांढुर्णा', खाली शाईनं 'अनुराधा, सौंसर, १९८८'.

मी अक्षरशः उडालेच. १९८८ साली, सौंसरमध्ये, गॉथ मुलगी! मी मनातल्या मनात तिचं सगळं आयुष्य रचून टाकलं. रात्री रेडिओची सुई फिरवत ही परदेशी स्टेशन पकडत असेल. घरच्यांशी भांडून हिनं असा साज केला असेल आणि मैत्रिणीला घेऊन हट्टानं फोटो काढायला गेली असेल. पुढे नागपूरला पळाली असेल, आता कुठेतरी साठीकडे झुकलेली, अजून काळं नेसणारी बाई असेल. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. माझ्याआधी इथे कुणीतरी होतं. दोन वर्षं मी त्या चेहऱ्याशी बोलत जगले.

मग पुण्याहून केतनचा फोन आला. केतन माझा संपादक. "उर्वशी, हा चेहरा खऱ्या बाईचा आहे, तूच म्हणाली होतीस. तिची लेखी परवानगी लागेल. सोमवारी पुस्तक छपाईला जातंय. नाही मिळाली तर थांबवावं लागेल."

"मिळेल," मी म्हटलं. मला तर तिला भेटायचंच होतं. शुक्रवारी शाळेला सुट्टी टाकली, फोटो आणि टेपराणीची काही पानं पिशवीत घातली आणि पांढुर्ण्याची बस धरली. मुखपृष्ठ तेवढं अजून पेन्सिलीत होतं, तेही घेतलं. अनुराधाबाईंना दाखवायला.

रूपरंग स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण स्टुडिओतले जुने कारागीर गुणवंताकाका नदीकडच्या एका गल्लीत ओट्यावर ऊन खात बसलेले सापडले. फोटोवर ब्रशनं काम करणारा माणूस: कुणाचा देवीचा वण मिटव, कुणाचं टक्कल झाक. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो उन्हात धरला.

"हे तुले कुठं भेटलं?"

"भंगारात. काका, ही अनुराधा आता कुठं राहते? मले तिची सही पायजे."

"सही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, हे इथं बसली ना, तवाच मेलेली होती."

मला आधी हसूच आलं. मग मी त्यांचा चेहरा पाहिला.

"तापानं गेली. तीन दिवसांत. सतरा वर्साची," काका सांगत होते. "तवा घरोघरी कॅमेरे कुठं होते? माणूस गेला अन् त्याचा एकही फोटो नसला, का आमाले बलावणं ये. नेण्याच्या आधी अंगणात खुर्चीत बसवाचं अन् एक फोटो घ्याचा. अशा लय घरी गेलो मी."

"पण डोळे उघडे आहेत हिचे!" मी ओरडलेच.

"ते माहे हायेत. मी काढले ब्रशनं. मिटलेल्या डोयाचा फोटो भिंतीवर कोन लावते व? म्हणून मी उघडून द्यायचो. शंभरेक माणसायचे डोये उघडले असतील मी."

त्या डोळ्यांवर माझी अख्खी टेपराणी उभी होती. कुणाकडेच बघत नाहीत, किती गूढ, असं मी केतनला तीन परिच्छेद लिहून कळवलं होतं. मी ओट्याची कड धरून खाली बसले. पण तोंड थांबेना. मला एकेक गोष्ट विचारायचीच होती, आणि ऐकायची नव्हती.

"ओठ काळे कशानं?"

"लाल होते. जामसांवलीच्या जत्रेतून लिपस्टिक आणली होती म्हणे तिनं, बाप लावू दे ना. मायनं त्या दिवशी लावून दिली. लाल रंग फोटोत कायाच येते."

"केस?"

"आंघोय घातली होती ना. ओले मोकये सोडले, वारा सुटला होता."

"अन् ही गाठ? डोक्यावरची?"

काकांनी स्वतःच्या हनुवटीखालून टाळूपर्यंत बोट फिरवलं. "जबडा उघडते, म्हणून बांधतेत. खालची पट्टी मिटवली मी. वरची गाठ राहून गेली."

ऐंशीच्या दशकातली पॉप गायिका! मी चौसष्ट पानांत, प्रत्येक चौकटीत, ती गाठ प्रेमानं काढली होती. शाळेतल्या मुलींना काढून दाखवली होती. मागच्या महिन्यात स्वतःच्या डोक्यावर तशीच बांधून सेल्फीसुद्धा काढला होता.

हाताबद्दल मी विचारलं नाही. काकांनी आपणहून सांगितलं. "हा हात मायचा, कलाबाईचा. पोरगी खुर्चीतून कलंडू नये म्हणून बाजूले उभी राहून धरून होती. माय कापून टाकली मी, हात निघेना."

"मग फोटो त्यांच्याकडे का नाही?"

"बाप आला होता न्याले. त्यानं ते डोये पायले अन् दुकानातच लटलट कापाले लागला. म्हणे हे माही पोट्टी नोहे. घरी जाऊन बायकोले सांगतलं का रोल जयला. मलेही बजावलं. आता तो बी गेला. कलाबाई हाये अजून, जामसांवलीच्या रस्त्यानं, वाडीत."

मी काकांवर चिडले. एवढी वर्षं गप्प बसलात, असं काहीबाही बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि त्यांना बोलून मला काडीचंही बरं वाटलं नाही. त्यांनी डोळे काढले होते ते एका आईसाठी. मी काय केलं होतं? मेलेल्या पोरीला बूट घालून तिची फॅशन केली होती.

परतीच्या बसमध्ये इअरफोन कानात घालवेना. सोमवारपर्यंत चौसष्ट पानांतले सगळे चेहरे बदलता येतील का, याचा हिशेब करत होते. येत नव्हते. आणि आले असते तरी पिशवीतल्या फोटोचं काय? तो माझा नव्हताच. तो त्या बाईचा होता, आणि तिला तो असल्याचंही ठाऊक नव्हतं. मी घरी गेलेच नाही. सौंसरला उतरले आणि तशीच जामसांवलीकडे जाणाऱ्या ऑटोत बसले.

कलाबाई अंगणात संत्री निवडत बसल्या होत्या, लहान एकीकडे, मोठी एकीकडे. पंचाहत्तरीच्या असतील. मी कोण, कुठली हे विचारण्याआधीच त्यांनी पाण्याचा गडू पुढे केला.

मनगटावर विंचू होता.

मी तो विंचू इतक्या वेळा काढलाय की डोळे मिटून काढीन. नांगी डावीकडे वळलेली, एक पाय आखूड. तोच, सुरकुतलेल्या कातडीवर, हिरवट पडलेला. गडू माझ्या हातातून सांडला. मी फोटो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अनुराधाचा आहे," मी म्हटलं. "रोल जळला नव्हता, आजी."

त्यांनी फोटो उचलला. लांब धरला, जवळ आणला. कपाळावर आठी पडली.

"हे माही अनु नोहे व," त्या म्हणाल्या. "असे डोये नव्हते तिचे. बारीक होते. हासली का दिसतच नव्हते."

बापही हेच म्हणाला होता. मी काही सांगणार, तेवढ्यात कलाबाईंनी आपला अंगठा फोटोवर ठेवला, आडवा, बरोबर त्या रंगवलेल्या डोळ्यांवर. डोळे झाकले गेले. त्याखाली नाक उरलं, ओठ उरले, हनुवटी उरली.

"माय व," त्या म्हणाल्या. अंगठा त्यांनी काढला नाही.

मी रडत होते आणि ते लपवायची मला शुद्ध नव्हती. आता गप्प उठून निघून जावं, केतनला पुस्तक रद्द म्हणून कळवावं, हे सोपं होतं. पण ते चोरून जाणं झालं असतं. मी पेन्सिलीचं मुखपृष्ठ काढलं आणि जे केलं ते सगळं सांगितलं. गाणी, कॅसेटी, बूट, ती गाठ. तिला मी जिवंत समजले तेही सांगितलं. "तुम्ही नाही म्हणा, आजी. मी पुस्तक थांबवते. खरंच थांबवते."

कलाबाईंनी चित्र घेतलं. टेपराणी रेल्वेच्या पुलावर उभी आहे, पाय फाकवून, एका हातात कॅसेट, खालून मालगाडी चाललीय आणि वाऱ्यानं तिचे केस उडतायत. मी शिव्यांची वाट बघत होते. माझ्या आईनं तर हडळच म्हटलं असतं.

"उभी हाये," कलाबाई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"उभी हाये व माही पोर. आपल्या पायानं." त्यांचं बोट बुटांवरून फिरलं, कॅसेटींच्या पट्ट्यावरून वर गेलं आणि खांद्यावर येऊन थांबलं. त्यांनी विंचू पाहिला. मग स्वतःचं मनगट पाहिलं. "हा मीच ना?"

"हो."

"लय जड झाली होती. सुटून राहिली होती हातातून. फोटोवाला म्हणे, हलू नका, हलू नका. सोडली तर पडन, याच धाकात होती मी. अजून बी स्वप्नात धरूनच राह्यते."

त्यांचं बोट अजून चित्रातल्या विंचवावरच होतं.

"छाप तुह्यं पुस्तक," कलाबाई म्हणाल्या. "पण हा हात काढ. आता धराचं काम नाही. उभी हाये ना ते."

मी पिशवीतून खोडरबर काढलं. बाकीच्या पानांचं काय, सोमवारचं काय, केतन काय बोंबलेल, ते नंतर बघता आलं असतं. संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर कागद ठेवून मी बोटांपासून खोडायला सुरुवात केली. वारा होता. कागद सारखा उडू बघत होता, म्हणून कलाबाईंनी त्याचा कोपरा दाबून धरला, त्याच विंचवाच्या हातानं, माझं खोडून होईपर्यंत.