मलमाच्या खणातली सहा पाने

मी एक जुने औषधांचे कपाट आहे, मित्रांनो, आणि आज माझ्या पोटात औषधाची एकही बाटली नाही. सगळी पुस्तके आहेत. तीही अशा लेखकांची, ज्यांची नावे तुम्ही बहुधा ऐकलेली नाहीत. हे कसे झाले, ते सांगते.

मला घडवले ते एका औषधविक्रेत्यासाठी. सुताराने चांगले मुरलेले सागवान निवडले, चार खण केले आणि प्रत्येक खणाच्या कडेला पितळेची लहानशी चौकट ठोकली. त्या चौकटींत औषधविक्रेत्याने ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या सरकवल्या. वरून खाली वाचत या: ताप, खोकला, पोटदुखी, मलम. बावीस वर्षे मी त्या दुकानात उभे राहिले. लोक येत, दुखणे सांगत, माझे दार उघडे आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडा धीर येई. त्या दिवसांत मला कोणी नुसते कपाट समजत नसे. पुढे दुकान मुलाच्या हाती गेले. त्याला काचेची कपाटे हवी होती. मग मी एका साप्ताहिकाच्या कचेरीत आले.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. संपादकांच्या खोलीबाहेर, भिंतीला पाठ टेकवून मला उभे केले. तिथे दर आठवड्याला टपालाने पुस्तके येत. पहिल्या पानावर लेखकाने लिहिलेले असे, 'अभिप्रायार्थ सादर'. म्हणजे कृपा करून वाचा आणि दोन शब्द छापा. नावाजलेल्या लेखकांची पुस्तके संपादकांच्या टेबलावर जात. उरलेली शिपाईमामा माझ्यात कोंबत. विहीर कशी उपसावी, गुडघेदुखीचे व्यायाम, भुताच्या गोष्टी, एका परिचारिकेच्या कविता, एका निवृत्त टपालवाल्याने लिहिलेले, भिंतीच्या कोपऱ्यांतल्या कोळ्यांच्या जाळ्यांवरचे पुस्तक.

"जा बाबांनो, झोपा आता," मामा म्हणत आणि दार लावत.

ती झोपत. सहा वर्षे मी एक वसतिगृहच होते म्हणा, फक्त तिथल्या कोणाला भेटायला कोणी येत नसे.

मग एका बुधवारी मुद्रितशोधक बाईंनी माझे दार उघडले. अंक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. एक स्वल्पविराम चुकला तरी त्यांना चैन पडत नसे, म्हणून सगळी कचेरी त्यांना पाठीमागे स्वल्पविरामबाई म्हणत असे. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागली, आणि बाईंना ते आवडले. त्या दिवशी छापखान्यातून कागद यायला उशीर होता. डिंकाची बाटली शोधायला त्यांनी मला उघडले आणि हाताला लागले ते कोळ्यांचे पुस्तक. उभ्याउभ्याच त्यांनी पाच पाने वाचून काढली. मग खुर्ची ओढून बसल्या. मध्येच हसल्या. संध्याकाळी त्या संपादकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, ह्या पुस्तकावर मी चार ओळी लिहू का?"

"कोळ्यांवर? कोण विचारतंय त्याला?"

"मी विचारतेय ना."

संपादक माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त सदैव घाईत. ते म्हणाले, "शेवटच्या पानावर तळाला जागा देतो. जाहिरात आली तर मात्र तुमचा मजकूर जाणार."

अशा रीतीने 'खालच्या खणातून' हे सदर सुरू झाले. बाईंनी मला आतून पुसले, पुस्तके झटकली आणि माझ्या जुन्या चिठ्ठ्या तशाच ठेवून नवी मांडणी केली. भयकथा तापात गेल्या. हेरकथा आणि साहसकथा खोकल्यात. कविता पोटदुखीत. "कवींना कळवू नका," असे त्यांनी मामांना बजावून ठेवले होते. जे कुठेच बसत नाही ते मलमात.

बाईंचा एक नियम होता. "लेखक अनोळखी आहे म्हणून वीस मार्क जास्त द्यायचे नाहीत. आणि वीस कमीही नाहीत." व्यायामाच्या पुस्तकातले व्यायाम त्यांनी आठ दिवस स्वतः करून पाहिले आणि मगच लिहिले. परिचारिकेच्या कवितांवर लिहिले, तेव्हा तिचे पत्र आले: 'तुमचे वाचून माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा माझ्या कविता वाचल्या. आता तो जरा जपून बोलतो.' ते पत्र बाईंनी माझ्या दाराच्या आतल्या बाजूला टाचले. हळूहळू तिथे पत्रांची दाटी झाली. कचेरीत येणारे लोक विचारू लागले, "ते कपाट कुठलं?" मामा मान ताठ करून माझ्याकडे बोट दाखवत. मित्रांनो, त्या काळात मी फार सुखात होते.

पण माझ्या पाठीला एक दुखणे जडले होते. माझ्या मागच्या भिंतीपलीकडे हात धुवायचे बेसिन होते. तिथून ओल झिरपत होती. माझी तळाची फळी फुगली, दार अडकू लागले. मामा गुडघ्याने ढकलून ते लावत. माझ्या पाठीमागे डोकावून पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

त्या सुमारास एक हेरकथा आली. नाव, 'गच्चीवरची टाकी'. लेखक नळदुरुस्ती करणारे एक प्लंबर. खोकल्याचा खण भरला होता, म्हणून ती मलमात गेली, अगदी भिंतीच्या कडेला. चार महिने ती तिथे पडून राहिली. मग बाईंनी ती घरी नेली, वाचली आणि परीक्षण लिहिले. शनिवारी ते छापून आले. मामांनी ते माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचले, म्हणून मलाही कळले. बाईंनी लिहिले होते: 'लेखकाची भाषा साधी आणि चटपटीत आहे. पण खुनी आभाळातून पडावा तसा शेवटच्या प्रकरणात पडतो. शिकवणीच्या मास्तरांवर संशय यावा असे एकही कारण आधी कुठे दिलेले नाही. लेखकाने वाचकाला हातोहात फसवले आहे.'

पुढच्या मंगळवारी दुपारी एक गृहस्थ जिना चढून आले. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात एक पुस्तक. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि विचारले, "खालच्या खणातून लिहिणाऱ्या बाई कोण?"

"मी. बसा ना."

ते बसले नाहीत. "मी गच्चीवरच्या टाकीवाला," ते म्हणाले. "भांडायला नाही आलो. एकशे चौदा ते एकशे एकोणीस, एवढी सहा पानं वाचा. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

बाईंनी पुस्तक घेतले आणि वाचू लागल्या. त्या पानांत शिकवणीचे मास्तर गच्चीची किल्ली मागून नेतात आणि परत देताना त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या असतात. सगळी मेख तिथेच होती. बाईंचा चेहरा उतरत गेला. त्या उठल्या, माझे दार ओढून उघडले आणि आपली प्रत काढली. एकशे तेराव्या पानाची कड त्यांनी बोटांत धरून चोळली. ते एक पान नव्हते. चार कागद ओलीने एकमेकांना चिकटून एक झाले होते, आणि ती सहा पाने आत अडकली होती.

मित्रांनो, ते पाप माझे होते. मला सांगता आले असते तर मी तिथेच सांगितले असते.

"पान जाड लागलं होतं मला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी म्हटलं, घरगुती छपाई, कागद असाच असणार. वाक्य तुटलं तेव्हाही वाटलं, ह्यांना जोडता आलं नसेल. मोठ्या लेखकाचं पुस्तक असतं तर मी पानाचा आकडा बघितला असता. आणि आकडे बघणं हे माझं रोजचं काम आहे."

प्लंबरनी ती चिकटलेली कड स्वतः चाचपून पाहिली. "चिकटलीच होती म्हणजे," ते म्हणाले. "मग तुमचा काय दोष? मी आपला घरी सांगून टाकलं, आपल्याला हे जमत नाही. दुसऱ्या गोष्टीची वही माळ्यावर टाकली. बायको म्हणाली, आधी जाऊन विचारून तर या."

"माझाच दोष आहे," बाई म्हणाल्या आणि तडक संपादकांकडे गेल्या.

दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते आणि ऐकूही येत होते. संपादक म्हणाले, "दोन ओळींचं शुद्धिपत्र देऊन टाका."

"परीक्षण तीनशे शब्दांचं आणि चूक दोन ओळींची?"

"अहो, तुम्ही पानं वाचलीच नाहीत असं छापलं, तर लोक विचारतील, बाकीची तरी पूर्ण वाचता का?"

"विचारू देत. विचारलंच पाहिजे." बाईंनी माझी किल्ली कमरेच्या जुडग्यातून काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "नाहीतर हे सदर दुसऱ्या कोणाला द्या."

किल्ली टेबलावर ठेवल्याचा तो बारीक आवाज ऐकून माझ्या बिजागऱ्यांत गारठा आला. ह्या बाई गेल्या तर पुन्हा तेच, झोपा आता बाबांनो.

संपादकांनी किल्लीकडे पाहिले, मग पुस्तकाकडे. "आणा ते इकडे," ते म्हणाले. त्यांनी ती सहा पाने वाचली. सातवे वाचले, आठवे वाचले, आणि मग मागे जाऊन पहिले पान उघडले. ते बराच वेळ पाने उलटत राहिले. शेवटी त्यांनी मान वर न करताच किल्ली बाईंच्या दिशेने सरकवली.

"शनिवारी किती शब्द लागतील?"

इकडे प्लंबर माझ्यापाशी वाकून उभे होते. त्यांनी माझ्या पाठीमागे हात घातला, भिंत चाचपली आणि बोटे हुंगली. मामांना विचारले, "पलीकडे बेसिन आहे का?"

"आहे."

"जॉइंट गेलाय त्याचा. वर्ष तरी झालं असेल." त्यांनी पिशवीतून पाना काढला. बाई बाहेर आल्या तेव्हा ते पलीकडे बेसिनखाली उताणे पडले होते. तिथूनच म्हणाले, "गळक्या नळानं प्लंबरचीच पानं चिकटवली, बाई. हे मी गोष्टीत घातलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, ओढूनताणून आणलंय."

बाई खळखळून हसल्या. त्यांना तसे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

त्या शनिवारी सदराचा मथळा होता, 'मी न वाचलेली सहा पाने'. बाईंनी काहीही झाकले नाही. पान जाड लागले तेही लिहिले, आणि आपण काय समजलो तेही. पण मार्क वाढवले नाहीत. 'शेवटचे प्रकरण मात्र अजूनही लांबले आहे,' असे त्यांनी ठणकावून लिहिले. प्लंबरना मामांनी विचारले, तर ते म्हणाले, "लांबलंय ते खरंच आहे." त्यांना वाचकांची तीन पत्रे आली. एकीने टाकीच्या झडपेबद्दलची एक चूक दाखवून दिली, आणि ती चूक नव्हतीच, म्हणून प्लंबरनी तिला आकृती काढून सविस्तर उत्तर पाठवले. ते काही मोठे लेखक झाले नाहीत. पण वही माळ्यावरून खाली आली, आणि दोन वर्षांनी दुसरी हेरकथा माझ्या खोकल्याच्या खणात येऊन बसली. बाईंच्या मते ती पहिलीपेक्षा बरी होती.

माझी तळाची फळी प्लंबरच्या ओळखीच्या सुताराने बदलली. भिंतीपासून मला चार बोटे पुढे ओढले. तेव्हापासून बाई प्रत्येक पुस्तक वाचायला घेण्याआधी अंगठ्याने सगळी पाने फुलवून पाहतात.

वर्षे गेली. कचेरी नव्या इमारतीत गेली, तिथे लोखंडी मांडण्या होत्या. बाईही त्याच महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांना भिंतीवरचे घड्याळ देणार होते. बाई म्हणाल्या, "घड्याळ आहे घरी. कपाट द्या." आता मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी उभे आहे. सदर अजून चालू आहे. बाई कागदावर लिहितात आणि त्यांची पुतणी ते टाइप करून पाठवते. शेजारीपाजारी येतात, पुस्तक मागतात, वहीत नाव लिहून नेतात. कोणी परत आणायला विसरले तर बाई त्यांच्या दारात उभ्या राहतात. भांडत नाहीत. पुस्तक कसे वाटले, एवढेच विचारतात, आणि तेवढ्यानेच माणूस शरमतो.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे फारसे मागणे नाही. तुमच्या घरात, शाळेत कुठेतरी माझ्यासारखे एखादे कपाट असेल. त्याच्या पाठीवरून कधीमधी हात फिरवा, ओल आहे का बघा. महिन्यातून एकदा दार उघडून वारा लागू द्या. आणि नाव ओळखीचे नाही म्हणून एखादे पुस्तक मागे सारू नका. पूर्ण वाचा. मग नाही आवडले तर खुशाल तसे सांगा. लिहिणाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही. वाटले तरी थोडा वेळच वाटते.

परवाच टपालाने एक पुस्तक आले आहे. गांडुळांवरच्या कवितांचे आहे. लिहिणारी एका शाळेच्या बागेत काम करते. बाईंच्या हातात सध्या दुसरे पुस्तक आहे आणि त्या अर्ध्यावर काही सोडत नाहीत, त्यामुळे हे अजून कोणी उघडलेले नाही. वरून तिसऱ्या खणात, उजव्या हाताला आहे. दुपारी चारनंतर या. बाई घरीच असतात.