तीनच्या खुंटीवरचा बिल्ला

फोरमननी तीन नंबरच्या बॉयलरच्या झाकणावर पान्याने तीनदा ठोकलं आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली.

"अहो, आता कोण असणार आत?" संग्रहालयाच्या बाई हसल्या. "पस्तीस वर्षं बंद आहे सगळं."

"पद्धत आहे. तीन ठोके द्यायचे, आतून उलट ठोके येतात का ते ऐकत वीसपर्यंत मोजायचं, मगच झाकणाला हात लावायचा."

पॉवरहाउसच्या उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं, तरी आतला गारठा हाडांत शिरत होता. एकेकाळी या इमारतीने अर्ध्या शहराला वीज दिली. आता तिचं संग्रहालय होणार होतं आणि लोकांना बॉयलर आतून दाखवायचा होता. काय कुठे आहे हे सांगू शकणारा माणूस एकच उरला होता, म्हणून सत्तरीतल्या फोरमनना बोलावलं होतं. नको नको म्हणताना त्यांची थोरली बहीणही सोबत आली होती.

"तुझ्या दाजींनी अख्खा जन्म इथे घातला," अक्का म्हणाली होती. "बघू दे तरी मला, काय एवढं होतं इथे ते."

दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, इथेच फिटर होते. पॉवरहाउस बंद झालं त्या दिवशी ते घरी परतलेच नाहीत. आधीही एकदा भांडून महिनाभर गायब झाले होते, त्यामुळे लोकांनी 'गेला पळून' म्हणत विषय सोडून दिला. अक्काने सोडला नाही. ती अजूनही दाराला कडी न लावता झोपायची.

फोरमनच्या मनात मात्र वेगळंच होतं. बॉयलरमध्ये शिरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला त्या बॉयलरच्या खुंटीला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचा, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा इथला नियम होता. शेवटच्या दिवशी सगळी झाकणं कायमची बंद करायची होती. तीनच्या खुंटीला दाजींचा सतरा नंबरचा बिल्ला लटकत होता. नेहमीसारखे विसरले असतील, असं म्हणत फोरमननी तो काढून खिशात टाकला. ठोके दिले, पण आठपर्यंत मोजलं तोच सुटीचा भोंगा झाला. सगळ्यांनाच घाई होती. झाकण आवळलं गेलं. तो बिल्ला आजही त्यांच्या खिशात होता.

वीस झाले. बोल्ट करकरत फिरले आणि झाकण बाजूला झालं. फोरमननी टॉर्च आत धरली.

आत गंज होता, थोडी राख होती. बाकी काही नव्हतं.

फोरमन मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

"अक्का, मी नाही गं मारलं त्यांना! ते खरंच पळून गेले!"

मग एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि बिल्ला तिच्या हातात ठेवला. अक्का तो अंगठ्याने पुसत राहिली.

"हे खिशात घेऊन पस्तीस वर्षं माझ्या घरी चहा प्यालास?"

"हो."

"मेल्या!" तिचा आवाज फाटला. मग तिने बिल्ला उलटून पाहिला. "कुठल्या खुंटीला होता म्हणालास?"

"तीनच्या."

"आणि हे चारचं झाकण?"

"तेही त्याच दिवशी बंद केलं. तिथे बिल्ला नव्हता, म्हणून ठोकलंसुद्धा नाही."

"अरे, तुझ्या दाजींनी उभ्या जन्मात एक वस्तू जागच्या जागी अडकवली होती का? लग्नाच्या दिवशी एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात आपल्या बाबांची घालून हिंडत होते."

हे बोलताना ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. गुडघ्यावर हात टेकत ती उठली, चार नंबरच्या झाकणापाशी गेली आणि बिल्ल्याने तीनदा ठोकलं. मग हळू आवाजात मोजू लागली. फोरमनचे ओठही आपोआप हलायला लागले.

अक्का बाराला थांबली.

फोरमननी वर पाहिलं. आतून ठोके आल्याचा आपल्याला भास झाला, असं त्यांना वाटलं. पण बाई दोन पावलं मागे सरल्या होत्या आणि त्यांच्या हातातली वही खाली पडली होती.

"पाना आण," अक्का म्हणाली.