एका सिलिंडरवरची गिरणी

हिंगोली जिल्हा झाला त्या सालची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले न् डोंगरकड्याच्या आमच्या गिरणीचं इंजन लंगडायला लागलं. दोन सिलिंडरचं इंजन, पण जोर एकाचाच. पीठ जाडंभरडं पडून राहिलं, धुराडं काळं ओकून राहिलं, न् दळणवाल्या बाया माझ्या नावानं बोटं मोडून राहिल्या.

धनी गेल्यापासून गिरणी मीच चालवते. सासऱ्याला ते पहिल्यापासून खुपतं. तांड्यात समदे त्याला मोहनसिंग नाईक म्हणतात, त्याच्या शब्दापुढं कोणी जात न्हाई. त्यानं ठरवून टाकलं, बाईचा विटाळ लागला म्हणून इंजन बिघडलं. सांजपर्यंत नीट न्हाई झालं तर उद्यापासून गिरणीवर माझा दीर, संतोष. माझ्या जिवाला चैन पडंना. गिरणी गेली तर मी काय दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन जायचं?

पाना घेतला. चालू इंजनात पहिल्या सिलिंडरच्या डिझेल नळीचं नट ढिलं केलं, तर इंजन मरायला टेकलं. ते कसून दुसऱ्याचं ढिलं केलं, काहीच फरक न्हाई. म्हंजे दुसराच काम करत नव्हता. इंजन बंद करून त्याचं नोझल काढून पाहिलं, फवारा झकास. मंग राहिली हवा.

हवा ओढायला दोघांना एकेक डबा. दुसऱ्याच्या डब्याला खंडेनवमीच्या पुजेचं लाल कापड गुंडाळलेलं. तेल न् उडतं पीठ बसून त्याची पार भाकर झालेली, हवा शिरायला फटच न्हाई. विधवेनं पुजेला हात लावायचा न्हाई म्हणून मला भाईर उभं केलं होतं, कापड बांधलं सासऱ्यानंच. न् देवाचं म्हणून मीबी त्याला हात लावला न्हाई, माझीबी अक्कल चरायला गेली होती. कापड सोडलं, इंजन चालू केलं. दोन्ही सिलिंडर बराबर. मला रडूच आलं.

सासरा संतोषला घेऊन आला. कापड पाहिलं, पण त्याचं नावच काढलं न्हाई. बाजेवर बसून म्हणला, झालं ना नीट, आता संतोष चालवील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांना दिसणार न्हाई असं आडून मी दुसऱ्या सिलिंडरचं नट ढिलं केलं, इंजन परत लंगडायला लागलं. पाना संतोषच्या हातात दिला.

"भाऊजी, कोणता बंद हाय ते काढा, न् गिरणी घ्या."

नटातून डिझेल गळून राहिलं होतं, पण बघायला डोळे पायजेत. संतोषनं इंजनाभोवती दोन चकरा मारल्या न् चांगल्या सिलिंडरचंच नट सोडलं. इंजन बंद पडलं. बायांची दळणं ओळीनं लागलेली, न् समद्याजणी सासऱ्याकडं पाहून राहिल्या.

सासऱ्यानं संतोषच्या हातातला पाना घेऊन माझ्यापुढं धरला. म्हणला, "रूपा, चालू कर."