एक्केचाळीस वेळा रडणारा सैनिक

दामिर कोलाकच्या कादंबरीतला सैनिक एक्केचाळीस वेळा रडतो. मी मोजलं. भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीला अशा पुस्तकात दुसरं करण्यासारखं काही नसतं. प्रत्येक प्रकरणात त्याच्या छातीवर एक दगड असतो आणि पुढच्या प्रकरणात तो आणखी जड झालेला असतो.

हा सैनिक म्हणजे माझे रेशादकाका. तीन वर्षांपूर्वी ब्रँडीचे चार पेले पोटात गेल्यावर त्यांनी दामिरला सांगितलं होतं, की युद्धात त्यांचा सोबती हिल्मो गोळी लागून कुरणात सहा तास आईला हाका मारत पडला होता आणि कुणालाच त्याच्यापर्यंत पोहोचता आलं नाही. "हे लिहायचं नाही," असंही बजावलं होतं. कारण हिल्मोची आई, झुम्राआजी, आमच्या समोरच राहते. तीस वर्षं काका तिला सांगत आलेत, गोळी लागली आणि तो गेला, दुखलंसुद्धा नाही.

दामिरने सहाचे नऊ तास केले. हिल्मोचं नाव तेच ठेवलं. मग छपाईआधीचे कागद घेऊन तो साराजेव्होहून आमच्या गावी आला. प्रकाशनाला काकांना व्यासपीठावर आणि झुम्राआजीला पहिल्या रांगेत बसवायचं होतं त्याला.

"ते पान काढ," काका म्हणाले.

"रेशादभाऊ, ते पुस्तकाचं काळीज आहे. तुमचं ओझं लोकांना कळायला नको?"

"माझं ओझं उचलायला तुला कुणी सांगितलं? हमाल आहेस?"

"वाचून लोक ढसाढसा रडतील!"

"कांदा स्वस्त पडेल त्यांना," शेम्साकाकू आतून म्हणाली आणि तिसरी कॉफी घेऊन आली.

आमच्याकडे पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी आली की पाहुण्याने आपले बूट शोधायचे. हे शेंबडं पोरही ओळखतं. दामिर व्हिएन्नात वाढलेला.

"वा वहिनी, असं अगत्य हल्ली कुठे मिळतं!" म्हणत तो उशीला आणखी रेलला. काकूने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"बरं," काका म्हणाले, "येतो व्यासपीठावर."

दामिरचा चेहरा फुलला.

"तिथे सांगतो, मी सगळं युद्ध मागे बसून राजमा शिजवला. कुरण कधी पाहिलंच नाही, हा पोरगा थापा मारतो."

मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत होतं: एका सैनिकाची खरी कहाणी.

"पण लोक तुम्हाला भित्रा म्हणतील!"

"म्हणू देत. राजमा चांगला व्हायचा म्हणावं."

दामिरने पेन काढलं आणि स्वतःचा पाय कापत असल्यासारखा चेहरा करून ते पान खोडलं. हिल्मो तेवढ्याच एका पानावर होता. मग उरलेली कॉफी त्याने एका घोटात संपवली.

"या तिसऱ्या कॉफीला काही नाव आहे का? पुस्तकात घालतो."

"'आता नीघ,'" मी सांगितलं. "लिहून घ्या."

त्याने दोन अक्षरं लिहिली. मग पेन थांबलं.

पुस्तक आलं. खोडलेल्या पानावर सैनिक एकदाच रडला होता, त्यामुळे आता चाळीस. झुम्राआजीने ते नातीकडून वाचून घेतलं आणि कुंपणाशी आली.

"रेशाद, हा रडका कोण रे? आपल्या पोरांत असलं कुणी नव्हतं."

"नव्हतं, मावशी," काका म्हणाले, आणि तिची लाकडं फोडत राहिले.