वळणावरच्या दगडाचे डोळे

दिवेलागणीला त्या वळणावर गाड्यांची रीघ लागे. गाडीचा उजेड पडला की रस्त्याकडेचा दगड लाल डोळे उघडी आणि गाडी पुढे गेली की मिटून घेई. आतल्यांचे हात आपोआप जोडले जात. चालत आलेल्यांना मात्र काहीच दिसत नसे. "देव वाहनाचा मान मागतो," दगडाशेजारी छप्पर टाकून बसलेले बाबा सांगत. "आणि ट्रकवरचं लाल आधी काढा. लाल रंग रक्त ओढतो." मग देवाचेच डोळे लाल कसे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ट्रकवाले निमूट ट्रक कडेला घेत. बाबांचे चेले ट्रकच्या पाठीवरच्या चमकत्या लाल पट्ट्या सोलून काढत आणि वर काळा लेप फासत. पट्ट्या लावा असं नियम सांगत होता, पण नियमाच्या शापाची भीती कुणाला?

असाच एक काळ्या पाठीचा ट्रक संध्याकाळी रस्त्यात बंद पडला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून मागून येत होता. त्याला तो दिसलाच नाही.

आईने अन्नपाणी सोडलं. बाबांनी तिला सांगितलं, तुझं लेकरू आता या डोळ्यांत आहे. तेव्हापासून ती रोज मामाच्या ट्रकमध्ये बसून वळणावरून जाई आणि घरी येऊन दोन घास खाई. बाईंना डोळ्यांचं गौडबंगाल कळून चुकलं होतं, पण त्या दोन घासांसाठी त्यांनी तोंड शिवून घेतलं.

एक दिवस आई मामाला म्हणाली, तुझ्याही ट्रकच्या पट्ट्या उद्या काढून घे. त्या क्षणी बाईंना गप्प बसवेना.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी आईला वळणावर उभं केलं आणि तिच्या हातात बॅटरी दिली. आईने ती स्वतःच्या डोळ्याशेजारी धरली, तेव्हा दगडाचे डोळे चमकले. मग तीच बॅटरी मामाने लांब बाजूला उभं राहून दगडावर मारली. आईच्या समोर नुसता काळा दगड होता.

"उजेड जिथून येतो तिथेच ही पट्टी तो परत धाडते. म्हणून गाडीतल्यालाच दिसतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नखाने एक डोळा सोलून काढला. ट्रकवरचीच पट्टी, गोल कापलेली. भाऊ गेल्यामुळे पोरीचं डोकं फिरलंय, असं बाबा ओरडत होते. पण गाड्यांतून उतरलेली माणसं आता स्वतःच बॅटऱ्या डोळ्याशी धरून बघत होती. तेवढ्यात बाबा छपरामागून पसार झाले.

आईने तो तुकडा तळहातावर घेतला. "म्हणजे तो इथे नव्हताच."

"नाही गं, आई."

"आणि ही त्या ट्रकवर असती तर?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. बाबांनी तेच केलं होतं.

"तर त्याला लांबूनच ट्रक दिसला असता. थांबला असता तो."

आई रस्त्यातच खाली बसली. लेक आज दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी त्याला बहिणीने नेलं होतं. बाई तिच्याजवळ टेकल्या, पण आईने त्यांचा हात बाजूला केला.

मामा ट्रकवाल्यांशी बोलत होता. पट्ट्या परत लावा, चिखल बसला तर पुसा. त्याला मंत्र लागत नाही, फडकं पुरतं. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी दोन पावलं बाजूला सरकून बघा. मागून येणारा कुणाचा तरी असतो.