छापलेला हात

टेंपो थेट खळ्यात घुसला. झोडलेल्या भाताच्या राशीवरून चाक गेलं, तेव्हाच जानकीबाईंनी ओळखलं, ही माणसं चहापाण्याला आलेली नाहीत.

पुढून उतरला गजा, सून ललिताचा थोरला भाऊ. मागून तिघेचौघे, हातात काठ्या. त्यात मोहोपाड्याचा रूपेशही होता. गजाच्या धाकट्या बहिणीशी, जागृतीशी, त्याची सुपारी फुटलेली. लग्न तोंडावर आलेलं आणि नवरदेव काठी घेऊन हजर!

जानकीबाईंचा लेक किशोर भारा झोडत होता. गजाचा पहिला दणका त्याच्या मानेवर बसला, दुसरा कानशिलावर. रक्त पेंढ्यावर उडालं.

"अरं, झालं काय ते तरी सांगशील?" जानकीबाई मधे पडल्या.

गजानं मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. फोटोत नुसता एक हात, कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा. त्या काळ्यानिळ्यात हिरवं गोंदलेलं नाव, गजा. ललितानं जत्रेत हौसेनं काढून घेतलेलं, भावाचं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सुनेला असं मारतात. पुढे पाठवा.'

"माझं नाव हाय त्या हातावर!" गजा ओरडला. "माझ्या नावावर मारलंत तिला!"

फोटो जानकीबाईंच्या ओळखीचा होता. मुंबईच्या डॉक्टरीणबाई, सुनंदाबाई, रक्ताच्या रोगांवर लिहितात. त्यांनी ललिताला विचारून तो काढला, इंग्रजी मासिकात छापायला. ललिताचं शरीर आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट खात होतं, डेंग्यूत उतरतात त्याच. कुणी बोट न लावता अंगावर डाग उठायचे. बाईंनी फोटोत तिचं तोंड घेतलं नाही, गावाचं नाव गाळलं आणि गोंदण तेवढं राहू दिलं. एवढी पुस्तकं वाचली, पण भावाचं नाव त्यांच्या डोळ्यांना दिसलं नाही! मग कुणा रिकामटेकड्यानं खालचं इंग्रजी कापलं आणि फोटो मोकाट सोडला.

एवढं सांगितलं असतं तरी काठ्या थांबल्या असत्या. पण ललितानं सासूचे पाय धरले होते. "आई, जागृतीचं लग्न लागेपर्यंत माहेरी कळू देऊ नका. रक्ताचा रोग म्हटलं की पोरीला कोण करणार?" रोग लागट नाही, पिढीजात नाही, हे सुनंदाबाईंनी बजावून बजावून सांगितलं होतं. पण सोयरिकीत ते ऐकतं कोण? आणि ज्याच्यापासून लपवायचं, तोच रूपेश किशोरच्या बरगडीत लाथा घालत होता.

"आई, सांग ना त्यांना!" किशोरचे शब्द रक्तातून बुडबुडत आले.

जानकीबाईंनी लेकाकडं बघितलंच नाही.

"त्याला काय मारता रं, नेभळटांनो? बायकोवर हात उचलायचा दम हाय का त्याच्यात? मी मारलं तिला."

काठ्या थांबल्या.

"काय बघता? सून माझी हाय. भात करपवला, मारलं. उद्या करपवील तर उद्याबी मारीन."

"थेरडे!" गजाची काठी आली. जानकीबाईंचा हात आपसूक वर गेला आणि मनगटाचं हाड मोडलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या खाली बसल्या, पण ओरडल्या नाहीत. सुनेच्या माहेरच्यांसमोर ओरडायचं? त्यापेक्षा दुसरा हात पुढं केला असता.

तेवढ्यात कर्जतहून रक्त तपासून ललिता आली. रिक्षातून उतरते तर नवरा पेंढ्यात रक्तबंबाळ आणि सासू हात पोटाशी धरून बसलेली.

"दादा! काय केलंस रं हे?"

"चल घरी. ह्या कसायांकडं नाय ठेवणार तुला."

"मी नाय येणार. सोड!"

गजानं दंड धरून ओढलं, तिनं पाय रोवले. तो ढोर ओढावं तसा ओढू लागला, तेव्हा जानकीबाईंच्या तोंडून किंकाळी फुटली. "सोड तिला! सोड मुडद्या, मरंल ती!"

गजानं दचकून हात काढला. ललिताच्या दंडावर त्याच्या बोटांच्या जागी, मोहरी सांडावी तसे, लाल टिपके डोळ्यांदेखत उठत होते. तो खुळ्यासारखा आपल्या पंजाकडं बघत राहिला.

"ललिता, तू गप," जानकीबाई म्हणाल्या. "मी मारलं, झालं."

"नाय आई. तुमचा हात मोडला, आता कसली गप बसू?" ललिता भावाकडं वळली. "मला कुणी मारत नाय, दादा. माझ्या रक्तातच बिघाड हाय. चेपलं तरी डाग येतो." आणि तिनं सगळं सांगितलं, रूपेशच्या समोर.

रूपेशनं काठी टाकली. "जागृतीला पण असणार हे."

"नाय हो! डॉक्टरनी सांगितलंय—" ललिता पुढं झाली.

"लपवून पोरगी गळ्यात मारता काय?" तो आपल्या माणसांना घेऊन टेंपोत चढला.

"पाहुणं, ऐका तरी!" गजानं धावत जाऊन दार धरलं. रूपेशनं ते त्याच्या बोटांवर आपटलं, पुन्हा उघडून पुन्हा आपटलं. हात सुटला तसा टेंपो उरलेली रास तुडवत निघून गेला.

गजा चिरडलेली बोटं काखेत दाबून गुरासारखा हंबरत होता.

"बहिणीची सोयरीक आपल्या हातानं मोडलीस, रडायचं ते नंतर रड," जानकीबाई म्हणाल्या. "रिक्षा उभी हाय. दुसरा हात शाबूत हाय ना? माझ्या लेकाला उचल. आणि हळू उचल, बरगड्या मोडल्यात तुमच्या नवरदेवानं."